बारमाही झरा

१२ फेब्रुवारी

थांबा म्हणेपर्यंत चौथी दोरीही कापली गेली. चादरी ओल्या होत्या, जड होत्या. सरळ मातीवर जाऊन बसल्या. मी उतारावरून धावत निघाले, पण गुडघा निम्म्यातच अडला. कंत्राटदाराचा माणूस कोयता धरून माझ्याकडे बघत राहिला. मी पडणार असं त्याला वाटलं असावं.

"बाई, जागा मोकळी करायला सांगितलीय," तो म्हणाला.

कोणी, असं मी विचारलं.

"मालकांनी."

मालक म्हणजे माझा धाकटा भाऊ. उताराखालचा सपाट तुकडा त्याच्या नावावर आहे. वरचा माझ्या. वर लाँड्री, विहीर आणि आम्ही नवराबायको राहतो त्या दोन खोल्या. वडिलांनी तशी वाटणी केली. पण वाळत घालायच्या दोऱ्या वडील होते तेव्हापासून खालीच आहेत, कारण ऊन खालीच पडतं. वर भिंतीची सावली. वर कपडे वाळत नाहीत, नुसते लोंबतात.

हॉटेलच्या सगळ्या चादरी पुन्हा पाण्यात टाकल्या. ह्यांनी माती झटकून दिली.

संध्याकाळी धाकटा आला. काखेत नव्या दोरीचं बंडल. म्हणाला, त्याने फक्त दगड हलवायला सांगितलं होतं, दोऱ्यांचं त्या माणसाने स्वतःच्या डोक्याने केलं. घराचा पाया होईपर्यंत वर भिंतीला बांधून घे, पुढे सोय होईल. कसली सोय ते बोलला नाही. लहानपणापासून असाच. तोंडातून अर्धं काढायचं आणि अर्धं दुसऱ्याने ओळखायचं.

मी बंडल घेतलं आणि उतारावरून सोडून दिलं. ते उलगडत खालपर्यंत गेलं. तो खाली उतरला, दोरी गुंडाळत गुंडाळत चालत राहिला आणि वर न बघता निघून गेला.

वीस वर्षं परगावी नोकरी केली. वडील अंथरुणावर होते तेव्हा आला तो वाटणीच्या सहीसाठी. त्यांचं सगळं मी काढलं. आता निवृत्त झाला आणि त्याला जमीन आठवली.

१३ फेब्रुवारी

हॉटेलच्या मॅनेजरने चादरी एकेक उजेडात धरून पाहिल्या. एकीवर मातीचा डाग निघाला. ती त्याने बाजूला ठेवली. ती बाजूला ठेवण्याची पद्धत मला कळते.

१७ फेब्रुवारी

बांधकाम खात्याच्या भिंतीवर घरांचे नकाशे चिकटवतात, कोणाला हरकत असेल तर घेता यावी म्हणून. हॉटेलकडे गाठोडी टाकून परत येताना ह्यांना तिकडे व्हॅन वळवायला लावली.

धाकट्याचा नकाशा खालच्या रांगेत होता. वाकून पाहावा लागला. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला एक मोठी खोली. दाराला पायरी नाही. आत कमरेएवढ्या उंचीचा दगडी हौद, गरम पाण्याचा नळ, जाड नळी थेट गटाराला जोडलेली. मागे उघडी फरसबंद जागा, आणि तिच्या दोन्ही टोकांना ओळीने लोखंडी हूक.

या धंद्यात माझा जन्म गेला. मला कोणी समजावून सांगायला नको. तो लाँड्री काढतोय.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "त्याला रुमालाची घडी येत नाही."

नोकर ठेवेल, असं मी म्हणाले.

"नोकरालाही कोणीतरी शिकवावं लागेल ना," एवढं बोलून त्यांनी गिअर टाकला.

दोऱ्या का कापल्या ते आता कळलं. आधी माझं वाळवण बंद करायचं, मग गिऱ्हाईक न्यायचं.

२० फेब्रुवारी

वकिलांकडे गेले. चष्म्याच्या दुकानावर एक खोली, त्यात दोन खुर्च्या, त्यातली गिऱ्हाइकाची डुगडुगते. वकिलांनी वाटणीचे कागद वाचले आणि मिटले. म्हणाले, यात काही होणार नाही. सही तुमची आहे, जागा त्यांची आहे, दोऱ्यांचा हक्क कुठे लिहिलेला नाही.

मी उठायच्या बेतात होते. त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की त्या जागेत पाणी वगैरे आहे का.

मी सांगितलं, एक झरा आहे. आमच्या उताराच्या पायथ्याला खडकाखालून निघतो, धाकट्याच्या जागेतून तिरका जाऊन पुढे नाल्याला मिळतो.

"उन्हाळ्यात आटतो?"

नाही, म्हटलं. उन्हाळ्यातही वाहतो.

वकिलांनी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी मला कायदा समजावला. राज्याने पाणी वाचवण्यासाठी केलेला आहे. कोरड्या महिन्यांतही वाहणारं नैसर्गिक पाणी बारमाही ठरतं. बारमाही पाण्याच्या दोन्ही बाजूंना तीस मीटरचा पट्टा राखीव होतो. त्या पट्ट्यात पाया खणायचा नाही, भिंत नाही, कुंपणही नाही. तक्रार शेजाऱ्याने केली तरी चालते.

मी विचारलं, म्हणजे जमीन सरकार घेणार?

"नाही. जमीन त्यांच्याच नावावर राहणार. कर त्यांनीच भरायचा. फक्त वापरायची नाही."

"विकता येईल?"

"येईल की. घेणार कोण?"

मला हसू आलं. डुगडुगत्या खुर्चीवर बसून इतक्या दिवसांनी मी हसले. त्याचं सगळं त्याच्याकडेच राहणार आणि त्याला काहीच मिळणार नाही. मी स्वतः बसून विचार केला असता तरी इतकं नेमकं सुचलं नसतं.

वकिलांनी सांगितलं, झरा रोज बघत जा आणि लिहून ठेवा. लिहायची मला सवय आहेच.

२४ फेब्रुवारी

रोज खाली जाते. उतरताना काठी लागते. पाणी खडकाखालून निघतं, तळव्याएवढ्या रुंदीचं, पण थांबत नाही. काठाला शेवाळ, बारक्या गोगलगायी, एक बेडूक. पाण्याला छान निळसर झाक आहे. ढगाळ दिवशीही निळसर.

एक गंमत दिसली. सोमवारी सकाळी धार अगदी बारीक असते, दुपार उलटली की भरते. ह्यांना म्हटलं, झऱ्यालाही रविवारची सुट्टी लागते की काय. हे माझ्याकडे बघत राहिले. मग कपातला चहा बशीत ओतला.

दवाखान्याची गाठोडी आली. खूप काम. साबणाचं पाणी गटाराला सोडतो. शेवटचं, नीळ घालून विसळलेलं, मागच्या शोषखड्ड्यात जातं. वडिलांनी लाँड्री काढली तेव्हा स्वतः खणून दगडांनी भरलेला खड्डा. कितीही ओता, एकदाही तुंबला नाही. वडिलांच्या हाताला यश होतं. ते यश सगळं धाकट्याच्या सपाटीवर जाऊन पडलं.

२ मार्च

जलखात्यात तक्रार दिली. तिथला कारकून म्हणाला, भावाविरुद्ध? मी म्हणाले, बांधकामाविरुद्ध. त्याने शिक्का मारला.

७ मार्च

काम थांबवायची नोटीस त्याला मिळाली. आखणीच्या खुंट्या ठोकलेल्या आहेत, चुन्याच्या रेघा मारलेल्या आहेत आणि माणूस कोणी नाही. दिवसभरात मी चार वेळा मागच्या दाराशी जाऊन बघून आले. दर वेळी नवीन बघितल्यासारखं वाटलं.

या रेघा पावसात जातील, मग गवत येईल. गवताचा कर भर म्हणावं.

९ मार्च

भावजय आली. उभ्याउभ्याच बोलली. आधी गुडघ्याची चौकशी.

"वन्सं, आता पायऱ्या चढवतात का हो?"

मी म्हणाले, तुझ्या घरी येण्याएवढ्या नाही चढवत.

तिला लागलं. मग म्हणाली, आमच्या ह्यांना झोप लागत नाही. जे होतं ते सगळं या घरात घातलंय. भाड्याच्या जागेत किती दिवस काढणार. तुम्ही एकदा नीट बोला त्यांच्याशी, ते स्वतःहून बोलायचे नाहीत, तुमच्या भावाचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

तो मला काही न विचारता घर बांधायला निघाला. आता मी का विचारू, असं मी तिला म्हणाले.

झोप लागत नाही हे ऐकून बरं वाटलं. असं वाटणं बरं नव्हे. पण वाटलं.

१८ मार्च

निरीक्षक बाई येऊन गेल्या. वयाने लहान, आमच्या मुलीएवढ्या. रबरी बूट घालून सरळ पाण्यात उतरल्या. गोगलगाय तळहातावर घेऊन पाहिली, परत ठेवली. धार मोजली. बाटलीत पाणी भरून तिला चिठ्ठी लावली. विचारलं, पाणी निळसर का दिसतं.

आभाळ, मी म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं. आभाळ पांढरं होतं. हसल्या आणि काहीतरी लिहिलं.

धाकटा पलीकडे उभा होता. छत्री घेऊन आला होता, ती त्याने निरीक्षक बाईंच्या पिशवीवर धरली. पहिल्यापासून वरिष्ठांसमोर असंच.

४ एप्रिल

सुनावणी झाली. निरीक्षक बाईंच्याच खोलीत, टेबलाच्या एका बाजूला मी आणि वकील, दुसऱ्या बाजूला तो एकटा. त्याने वकील आणला नाही.

त्याने जुना नकाशा ठेवला. त्यात झरा नाही. त्या जागी कोरडी घळ दाखवली आहे. वकील म्हणाले, कायदा नकाशाचा विचार करत नाही, वाहत्या पाण्याचा करतो. बाईंनी मान हलवली. मला वाटलं, संपलं.

मग तो बोलला. माझ्याकडे न बघता.

"ते ताईच्या लाँड्रीचं विसळण आहे. खड्ड्यात मुरतं आणि खाली निघतं. लहानपणी तिथे थेंब नव्हता. लाँड्री निघायच्या आधी आम्ही दोघं तिथे मातीची घरं करायचो."

बाईंनी मला विचारलं, खरं का. मी म्हणाले, मला असं काही आठवत नाही.

बाई म्हणाल्या, बाटलीतल्या पाण्यात निळीचा अंश निघाला आहे. तेवढ्याने काही ठरत नाही. पाणी मुळातलं असेल आणि त्यात लाँड्रीचं थोडं मिसळत असेल. मे महिन्यात पुन्हा पाहणी करू. त्याआधी आठवडाभर लाँड्रीचा पंप आणि मशीन सील राहील. तेव्हा वाहिलं तर झरा. नाही वाहिलं तर सांडपाणी.

खाली उतरल्यावर वकील म्हणाले, तुम्ही मला खड्ड्याबद्दल बोलला नव्हता. मी म्हणाले, तुम्ही विचारलं नव्हतं.

वडिलांच्या झऱ्याला सांडपाणी म्हणायला त्याची जीभ रेटली.

५ एप्रिल

ह्यांना म्हटलं, बघा कसा धडधडीत खोटं बोलला. हे चादरीच्या घड्या घालत होते.

"खोटं काय बोलला?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"अगं, तूच म्हणालीस ना, झऱ्याला रविवारची सुट्टी लागते. रविवारी आपण बंद असतो. मला वाटलं, तुला माहीत आहे."

माहीत असतं तर मी तक्रार केली असती का, असं मी विचारलं.

"माहीत असूनच केलीस असं वाटलं मला. म्हणून गप्प होतो. तू एकदा ठरवलंस की मधे कोण पडणार?"

मला माहीत नव्हतं. हे इथे लिहून ठेवते. इतक्या वर्षांचा संसार, आणि हे मला असं समजतात.

आता माहीत आहे असंही नाही. एक जण म्हणतो, दुसरा दुजोरा देतो. खडकाच्या आत जाऊन कोण बघून आलंय.

१० एप्रिल

नीळ घालणं बंद केलं. हल्ली चांगली नीळ मिळत नाही.

१९ एप्रिल

मॅनेजर म्हणाला, चादरी पिवळट दिसतात, पाहुणे कुरकुरतात. नीळ घाला किंवा हिशोब मिटवू. मी म्हणाले, मिटवा. हॉटेल गेलं. वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक.

हे व्हॅनमध्ये एवढंच म्हणाले, "नीळ घरात डबाभर आहे."

वकिलांना दाखवण्याजोगं या वहीत आता फारसं काही राहिलेलं नाही.

२ मे

पंपाला आणि मशीनच्या नळाला सील लावलं. तारेचा फास आणि शिशाची गोळी. बाईंनी स्वतः दाबून बसवली. दवाखान्याने आठवड्यापुरती गाठोडी दुसरीकडे पाठवली. दवाखान्याचा माणूस म्हणाला, आठवड्यापुरतीच. तो दोनदा म्हणाला म्हणून मला खात्री वाटली नाही.

लाँड्रीत आवाज नाही. वाफ नाही. हे उलट्या बादलीवर बसून पेपर वाचतात. शेवटच्या पानापर्यंत पोचलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

४ मे

धार दोऱ्याएवढी झाली.

५ मे

खडकाखाली ओल आहे. पाणी नाही. गोगलगायी दगडाला घट्ट चिकटून बसल्या आहेत. बेडूक दिसला नाही.

मी तिथल्या दगडावर बसले. तिथे मातीची घरं करायचो हे मला आठवत होतं. सुनावणीतही आठवत होतं. माझ्या घराला तो दार करायचा, कारण मला दार करता येत नसे, ते ढासळायचं.

पलीकडे तो उभा होता. कधी आला माहीत नाही. कोरडा खडक त्यानेही पाहिला. आता बोलेल, मी वाट बघितली. बघ म्हणेल, सांगत नव्हतो का म्हणेल. एवढं म्हणाला असता तर मी तिथल्या तिथे भांडले असते आणि कदाचित भांडून मोकळी झाले असते.

तो म्हणाला, "ताई, उतरताना कोणी होतं का बरोबर? चल, वर सोडतो."

आणि हात पुढे केला.

जिंकलेल्या माणसाला असा हात पुढे करणं परवडतं. मी काठी टाकली आणि उतार हातांनी धरत चढले. तो मागे काठी घेऊन येत होता. दाराशी ती टेकवून ठेवली आणि गेला.

नको होतं ते. त्याचं मोठेपण नको होतं मला.

६ मे

पंपाला सील आहे. विहिरीला नाही.

माळ्यावरून जुना रहाट काढला, तेल दिलं. दोर, बादली. विहिरीपासून खड्ड्यापर्यंत अंतर थोडं आहे, पण गुडघ्याला ते थोडं वाटत नाही. बादली भरते, नेते, ओतते. दगडांमधून पाणी खाली जाताना आवाज येतो, मग तो थांबतो. मग पुढची.

हे दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "मी उचलणार नाही. अडवणारही नाही."

मी म्हणाले, मागितलंय कोणी.

मग त्यांनी आत जाऊन माझं मलम आणलं आणि विहिरीच्या काठावर ठेवलं.

७ मे

सकाळपासून ओततेय. दुपारी खाली जाऊन पाहिलं तर काही नव्हतं. संध्याकाळी खडकाच्या कडेला ओल चकाकत होती. हात लावला, बोटं भिजली.

तळहात सोलपटले. आज जास्त लिहवत नाही.

८ मे

धार लागली. निळी नाही, स्वच्छ आहे. हॉटेलच्या सगळ्या चादरी मी आयुष्यभर धुतल्या, पण कुठलं काम इतकं मन लावून केलं असं आठवत नाही.

मधेच एकदा वाटलं, हे मी काय करतेय. बादली अर्ध्या वाटेत खाली ठेवली. मग त्याचा पुढे केलेला हात आठवला. बादली उचलली.

९ मे

निरीक्षक बाई आल्या. सीलं तपासली, शाबूत होती. खाली गेल्या, धार मोजली, पाणी बाटलीत घेऊन उजेडात धरलं. मग वर आल्या आणि लाँड्रीच्या मागे फिरल्या. खड्ड्यापाशी थांबल्या.

"काकू, इथे ओलं कसं?"

मी म्हणाले, भांडी विसळली.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मी हात पदराखाली घेतले. त्यांचे डोळे रहाटाकडे गेले, दोराकडे, आणि परत माझ्याकडे आले. पोरगी हुशार आहे.

त्या मला सगळ्यांपासून जरा बाजूला घेऊन गेल्या आणि आवाज खाली आणून बोलल्या. धाकटा, भावजय आणि हे भिंतीपाशी होते. तरी त्यांना ऐकू गेलं असणार. अंगण केवढं ते.

"मला जे दिसतं ते मी लिहिते. आज पाणी वाहताना दिसलं. पण तुम्ही स्वतः या खड्ड्याबद्दल एक वाक्य सांगितलंत, तर मी सांडपाणी लिहीन. त्यांचं घर होईल. तुमची लाँड्री राहील, फक्त विसळण गटाराला जोडून घ्यायचं. नाही सांगितलंत तर बारमाही. मग तीस मीटर."

मी म्हणाले, ठाऊक आहे.

"पूर्ण ठाऊक नाही. झऱ्याच्या तोंडापासून तीस मीटर सगळीकडे मोजतात. खालीही आणि वरही."

त्यांनी हाताने दाखवलं. बॉयलरची शेड, मशीनची खोली, इस्त्रीचं टेबल. राहत्या दोन खोल्या आणि विहीर बाहेर राहतात. धंदा पट्ट्याच्या आत जातो, म्हणजे बंद करावा लागतो.

वकिलांनी हे सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

मी लाँड्रीकडे पाहिलं. वडिलांनी बसवलेल्या फरशा, मधे झिजून वाटीसारख्या झालेल्या. तिथे माझे पाय असतात. मग भिंतीकडे पाहिलं. हे जमिनीकडे बघत होते. भावजयीने पदर तोंडाशी धरला होता. धाकटा एक पाऊल पुढे आला.

"ताई, सांगून टाक. माझं राहू दे. लाँड्री तरी वाचव."

त्याने स्वतःच्या घरासाठी हात जोडले असते तर काय झालं असतं, मला माहीत नाही. आज दिवसभर मी त्याचाच विचार करतेय. त्याने माझ्यासाठी मागितलं. मला लाँड्री त्याच्या दयेची नको.

"झरा आहे," मी म्हणाले. "बारमाही आहे."

बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग लिहिलं. आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या, एकाच पानावर. वाटणीनंतर पहिल्यांदाच. दरवर्षी मे महिन्यात पाहणी होईल, असं त्यांनी सांगितलं. कधी कोरडं सापडलं तर हा आदेश रद्द होतो आणि जागा मोकळी होते. त्या हे मला एकटीलाच सांगत होत्या.

धाकटा निघून गेला. भावजय दारात थांबली. आवाज चढवला नाही तिने.

"वन्सं, तो कमरेएवढा हौद आणि बिनपायरीचं दार कोणासाठी होतं, असं वाटलं तुम्हाला? आम्हा दोघांत गुडघा कोणाचा दुखतो?"

आता काहीही बोलायला तिचं काय जातं. असं काही होतं तर त्याने तोंडाने सांगायला हवं होतं. सांगितलं नाही म्हणजे नव्हतं.

ह्यांनी बॉयलरमधलं पाणी सोडून दिलं, शेडचं दार ओढून घेतलं. मी म्हणाले, जिंकलो. हे म्हणाले, हो. मग म्हणाले, मी थोडं चालून येतो, आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत.

पुन्हा पुन्हा मागच्या दाराशी गेले. त्याची रिकामी जागा बघितली. आवडली. मग तिथून परत वळलं की आपली रिकामी शेड दिसते. तिकडे न बघता यायची सवय करावी लागेल.

१० मे

सकाळी धाकट्याची माणसं आली, आखणीच्या खुंट्या उपटून टेम्पोत टाकल्या आणि गेली. तो आला नव्हता. मी विहिरीवर गेले. सगळा दोर सोडावा लागला तेव्हा कुठे बादली पाण्याला टेकली. अर्धीच भरली. ती नेऊन खड्ड्यात ओतली.